उचलता येईल असा पाया

सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव ही स्थानकांची नावे या पट्ट्यातील मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. बी.बी.सी.आय. रेल्वेने १८६४ साली मुंबई आणि गुजरात जोडले, तेव्हापासून येथील व्यापार, शिक्षण आणि सोयरिकी या लोहमार्गाच्या आधाराने चालत आल्या आहेत. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि बोईसरला आता बुलेट ट्रेनचे स्थानकही नियोजित आहे. ज्या गावाच्या दिवसाचे वेळापत्रक गाड्यांच्या वेळांवर ठरते, तेथील मुलाने वाढदिवसाला रूळांवर धावणारी विजेची गाडी मागावी, यात नवल नाही. कित्येक घरांत ती येते; आणि मुलाइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, मुलाचे वडील व आजोबा तिच्यात रमतात.

या छंदाची पुढची वाटचाल बहुतेक घरांत ठरलेली असते. आरंभी रूळ जमिनीवर मांडले जातात आणि जेवणाची वेळ झाली की उचलले जातात. मग कोणीतरी सुतार बोलावतो. ८ बाय ४ फुटांचे जाड प्लायवूड, खाली भक्कम पाय, कोपऱ्यांत लोखंडी अँगल असे एक टेबल खोलीतच तयार होते. त्यावर दोन-तीन वर्षे काम चालते. डोंगर उभा राहतो, स्थानक बसते, सिग्नल लागतात. आणि एके दिवशी घर बदलावे लागते. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास भाड्याच्या घरांत राहणारी कुटुंबे अनेक आहेत. पालघरचा व्यापारी मुलांच्या शिक्षणासाठी बोरिवली-वसईकडे सरकतो. दुकानावरचे जुने घर पुनर्बांधणीला जाते. टेम्पो दारात उभा राहतो, आणि तेव्हा उमगते की खोलीतच बांधलेले हे टेबल खोलीच्या दारातून बाहेर पडत नाही. करवत येते. तीन वर्षांचे काम अर्ध्या तासात भंगार होते, आणि नव्या घरी तो छंद पुन्हा सुरू होत नाही.

असा छंद गाडी बिघडल्यामुळे मोडत नाही. दुरुस्ती होते, नवे इंजिन घेता येते. तो मोडतो पायामुळे. म्हणून प्रतिकृती-रेल्वेत पहिला विचार इंजिनाचा करण्याऐवजी खालच्या चौकटीचा करावा लागतो. ही चौकट भक्कम तर हवीच, पण सुटी होऊन दारातून जाणारीही हवी. कर्ज देतानाच परतफेडीचा मार्ग पाहून ठेवावा, हे व्यापारी घरांना सांगावे लागत नाही. त्याच न्यायाने चौकट बांधतानाच ती बाहेर कशी पडेल, हे ठरवून ठेवावे.

हा प्रश्न केवळ हौशी घरांपुरता नाही. महाराष्ट्रातील या छंदाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे पुण्याचे भाऊ जोशी. त्यांनी १९८२ साली पुण्याच्या गोखले हॉलमध्ये आपल्या चालत्या छोट्या रेल्वेचे प्रदर्शन मांडले आणि लोकांनी त्याचे कौतुक केले. हे छोटेसे शहर गावोगावी फिरवावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु एवढी मांडणी उतरवणे, वाहून नेणे आणि पुन्हा जशीच्या तशी जुळवणे किती कठीण असते, याचा अनुभव आल्यावर त्यांनी कायमस्वरूपी जागेचा मार्ग धरला. कोथरूडमधील त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तेथील मांडणी १ : ८७ या प्रमाणात आहे. भाऊंना स्वतंत्र वास्तू उभारता आली. सर्वसाधारण कुटुंबाला ते शक्य नसते. त्याला दुसरा मार्ग शोधावा लागतो, आणि तो मार्ग उपलब्ध आहे.

१९७३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात काही हौशी मंडळींनी ‘एन-ट्रॅक’ नावाची पद्धत रूढ केली. प्रत्येकाने आपल्या घरी ४ बाय २ फुटांचा एक तुकडा बांधायचा. सर्वांची जमिनीपासूनची उंची ४० इंच. रूळ टोकाला कोठे येणार ते अंतर सर्वांसाठी एकच. मधल्या भागात डोंगर करावा की बाजारपेठ, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रदर्शनाच्या दिवशी सर्वांचे तुकडे एका रांगेत जोडले की लांबलचक रेल्वे तयार. संध्याकाळी ते सुटे करून जो तो आपला तुकडा घरी घेऊन जातो. अशा तुकड्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात. एका माणसाला घरातल्या घरात चार मॉड्यूल करायची असली तरी हेच तत्त्व उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू या. टेप प्रथम प्लायवूडला न लावता दाराला, जिन्याच्या वळणाला, लिफ्टला आणि गाडीच्या मागच्या जागेला लावावा. या चारांत जे सर्वांत अरुंद असेल, ते मॉड्यूलचे माप ठरवते. ४ बाय २ फुटांचा तुकडा बहुतेक दारांतून आडवा करून सहज जातो. दुसरी सोय अशी की प्लायवूडच्या पूर्ण फळीतून, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरमधून, या मापाचे नेमके चार तुकडे निघतात. करवतीच्या पात्याची जाडी तेवढी हिशेबात धरावी. प्रत्येक कापाला सुमारे ३ मिलिमीटर जातात.

भक्कम म्हणजे जड, हा समज येथे आड येतो. १८ मिलिमीटर जाडीच्या ८ बाय ४ फुटी प्लायवूडचे वजन पाय न जोडताही ३५ किलोच्या आसपास भरते. तरीही मध्ये आधार नसेल तर ते काही महिन्यांत झोळ धरते. कारण फळी आडवी आहे. कोणत्याही पट्टीचा ताठपणा तिच्या उभ्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. १२ मिलिमीटर जाड आणि ९० मिलिमीटर रुंद पट्टी आडवी ठेवली तर हाताने वाकते. तीच उभी केली तर ५६ पट ताठ होते. लाकूड तेच, पैसा तोच. फरक केवळ मांडणीचा. गोदामातील रॅकच्या फळीला पुढे खाली वळलेली कडा असते, तिचे कारणही हेच.

हे तत्त्व प्रतिकृती-रेल्वेत रुजवण्याचे बरेचसे श्रेय ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकन मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांना जाते. उभ्या पट्टीच्या माथ्यावर दुसरी अरुंद पट्टी आडवी चिकटवून इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची तुळई करायची, आणि त्यावर सारी मांडणी पेलायची, ही त्यांची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. मोठ्या, एका जागी राहणाऱ्या मांडणीला ती उत्तम. लहान मॉड्यूलसाठी मात्र उभ्या पट्ट्यांची साधी चौकट पुरते.

चार मॉड्यूलसाठी दोन फळ्या लागतात. ६ मिलिमीटर जाडीच्या फळीतून वरचे चार पृष्ठभाग निघतात. १२ मिलिमीटर जाडीच्या फळीतून ९० मिलिमीटर रुंदीच्या १३ लांब पट्ट्या निघतात. प्रत्येक चौकटीला दोन पट्ट्या लागतात: एकीतून दोन लांब बाजू, दुसरीतून दोन टोके आणि मधले दोन आडवे आधार. म्हणजे चार चौकटींना आठ पट्ट्या झाल्या, आणि पाच शिल्लक राहिल्या. त्यांतील दोन पट्ट्यांचे तुकडे करून टोकाच्या पट्ट्यांना आतून चिकटवावेत, म्हणजे टोके २४ मिलिमीटर जाड होतील. जोडाचा सगळा ताण तेथेच येतो. उरलेल्या तीन पट्ट्या पायांच्या तिरप्या आधारांना उपयोगी पडतील. अशा एका मॉड्यूलचे वजन सुमारे ७ किलो भरते. घरातील कोणतीही धडधाकट व्यक्ती ते एकटीने उचलू शकते.

मधले आधार बसवण्यापूर्वी त्यांत दोन-दोन मोठी भोके पाडून घ्यावीत. तारा तेथून जातात. चौकट जोडताना प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा आणि दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. कर्ण समान आले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. जोडांना डिंक आणि स्क्रू दोन्ही हवेत. पूर्वी सुतार सरस वापरीत. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनत असल्याने कित्येक घरांना चालत नसे. आज बाजारात मिळणारा पांढरा डिंक रासायनिक असतो, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही.

प्लायवूड निवडताना येथील हवामान विसरू नये. पालघरचा किनारा, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि भिंतींना येणारी ओल यांत साधे लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असल्याने त्याची ही हालचाल कमी असते. शक्य असेल तर आय.एस. ७१० या मानकाचे, ‘मरीन’ म्हणून विकले जाणारे प्लायवूड घ्यावे. पाणी कडांतून शिरते, म्हणून चारही कडांना आणि खालच्या बाजूलाही रंगाचे किंवा वॉर्निशचे दोन हात द्यावेत. वाळवी लागल्यावर तिचा नायनाट करण्यापेक्षा ती लागूच नये अशी काळजी घेणे सर्वच दृष्टींनी उत्तम; मॉड्यूल कधीही ओल्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये.

आता सर्वांत नाजूक भाग, म्हणजे दोन मॉड्यूलांचा जोड. येथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी डबा रूळावरून उतरू शकतो. बहुतेकांचा घोटाळा असा होतो की जोड आवळणे आणि जोड जुळवणे ही दोन्ही कामे ते एकाच बोल्टवर टाकतात. बोल्ट सहज आत-बाहेर व्हावा म्हणून त्याचे भोक किंचित सैल ठेवावे लागते, आणि त्या सैलपणात जोड सरकतो. म्हणून कामे वेगळी करावीत. दोन धातूच्या खुंट्या, ज्यांना ‘डॉवेल’ म्हणतात, तंतोतंत बसणाऱ्या भोकांत जाऊन दोन्ही मॉड्यूलांची जागा पक्की करतात. त्यानंतर दोन ८ मिलिमीटरचे बोल्ट, रुंद वॉशर आणि हाताने फिरवायचे विंग नट लावून जोड आवळला जातो. पान्याची गरज पडत नाही, आणि हरवण्याजोगे अवजारही उरत नाही.

ही भोके टेपने मोजून पाडू नयेत. कापडाच्या धंद्यात जसा फर्मा करतात, तसा एका लोखंडी पट्टीचा फर्मा करून घ्यावा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना हे काम कोणत्याही लहान फॅब्रिकेशनच्या कारखान्यात करून मिळू शकते. फर्म्यावर ‘वर’ आणि ‘समोर’ ही अक्षरे कोरावीत, आणि सर्व आठही टोके त्याच एका फर्म्याने पाडावीत. भोके मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना समान अंतरावर ठेवली, तर कोणतेही मॉड्यूल कोणत्याही मॉड्यूलला जोडता येते. दहा वर्षांनी पाचवे मॉड्यूल करावेसे वाटले तरी तो फर्मा कामास येईल. म्हणून तो घराच्या कागदपत्रांसारखा जपून ठेवावा.

पायांसाठी व्यापारी घरांत एक तयार साहित्य असतेच: गोदामातील रॅकचे खाचांचे लोखंडी अँगल. ते स्वस्त, सरळ आणि बोल्टने सुटणारे असतात. लाकडी पायही चालतात. फक्त तिरप्या आधाराशिवाय कोणतेही पाय लावू नयेत, नाहीतर टेबल झुलते. येथेही थोडी काटकसर साधते. पहिल्या मॉड्यूलला चार पाय दिले की पुढच्या प्रत्येकाला दोनच पुरतात, कारण त्याचे दुसरे टोक आधीच्या मॉड्यूलवर टेकते. चार मॉड्यूलांना १६ ऐवजी १० पाय लागतात. प्रत्येक पायाच्या तळाशी नटमध्ये फिरणारा ८ मिलिमीटरचा बोल्ट बसवावा. त्याला एक पूर्ण फेरा दिला की पाय सव्वा मिलिमीटरने वर-खाली होतो. फरशी कितीही वाकडी असली तरी पाणसळ ठेवून, बोल्ट फिरवून सारी रांग समपातळीत आणता येते. उंची ४० इंच ठेवली तर गाडी पाहताना मोठ्यांना फार वाकावे लागत नाही. लहान मुलांसाठी मात्र खाली एक मजबूत पाट हवा, खुर्ची नको.

रूळांच्या जोडासाठी नवशिक्यांनी सोपी पद्धत धरावी. रूळ टोकाच्या सुमारे अडीच इंच अलीकडे थांबवावेत, आणि मॉड्यूल जोडल्यानंतर मधल्या जागेत सुमारे ५ इंचांचा सुटा तुकडा सरकवून बसवावा. वाहतुकीत रूळांची टोके दुखावली जात नाहीत. विजेच्या बाबतीत एक नियम मोडू नये: घरातील २३० व्होल्टचा प्रवाह कोणत्याही मॉड्यूलवर येता कामा नये. अडॅप्टर भिंतीजवळ राहावा आणि मॉड्यूलखाली केवळ १२ व्होल्टच्या आसपासच्या तारा असाव्यात. त्या रंगांनुसार लावाव्यात, आणि दोन मॉड्यूलांमधील तारांना एकाच दिशेने बसणारा प्लग द्यावा, म्हणजे घाईत उलटसुलट जोडणी होणार नाही.

मांडणी कशाची करावी, याचा हिशेबही आधी मांडावा. पालघर ते बोईसर हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. १ : ८७ प्रमाणात ते जवळजवळ १३८ मीटर होते, म्हणजे चार-चार फुटांची ११३ मॉड्यूल! बारा डब्यांची लोकलच या प्रमाणात साडेनऊ फुटांच्या आसपास भरते. म्हणून सगळे दाखवण्याचा मोह सोडावा. चार मॉड्यूलांत उमरोळीसारखे एक लहान स्थानक, एक फाटक, एखादा ओढ्यावरचा पूल आणि दोन्ही अंगांना भातखाचरे एवढेच घ्यावे आणि लोकल सहा डब्यांची धरावी. २ फुटांच्या रुंदीत या प्रमाणाची गाडी वळून माघारी येऊ शकत नाही, हेही लक्षात असावे. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईल आणि तशीच परत येईल. लोकल तरी दुसरे काय करते? ज्यांना गाडी गोल फिरावी असे वाटते, त्यांनी १ : १६० चे लहान प्रमाण निवडावे.

वापर नसताना दोन मॉड्यूल समोरासमोर, म्हणजे दृश्याची बाजू आत ठेवून, दोन्ही टोकांना उंच फळ्या लावून आवळावीत. पेटीसारखा एक जोड तयार होतो. चार मॉड्यूलांचे असे दोन जोड पलंगाखाली किंवा कपाटामागे राहतात. घरी पाहुणे असोत, पर्युषणात येजा वाढलेली असो की दुकानाचा माल चार दिवस घरात ठेवायचा असो, कोणाची अडचण होत नाही. ज्या छंदाची घरात अडचण होत नाही, त्याला घरातून विरोधही होत नाही.

शेवटी कामाचा क्रम. एकदम चार मॉड्यूल करू नयेत, दोनच करावीत. त्यांवर रूळ टाकण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. दोन्ही जोडून, समपातळीत आणून, मग सुटी करावीत. दारातून, जिन्यावरून खाली न्यावीत. गाडीत ठेवून गावातून एक फेरी मारून आणावीत आणि पुन्हा वर आणून जोडावीत. जोड पहिल्यासारखाच बसला, तर पाया उत्तीर्ण झाला. नाही बसला, तर दुरुस्ती आत्ता दहा मिनिटांची आहे. डोंगर आणि स्थानक बसल्यावर ती दहा दिवसांची होईल. ही परीक्षा मुलांच्या हातून करवून घ्यावी. उद्या शिक्षणासाठी ती पुण्याला किंवा मुंबईला जातील, पुढे स्वतःचे घर करतील, तेव्हा आजोबांबरोबर बांधलेले उमरोळी स्थानक त्यांना बरोबर नेता येईल. त्यासाठी आज केवळ काही बोल्ट, काही खुंट्या आणि एक फर्मा एवढीच जास्तीची गुंतवणूक लागते.